चिखल, पायवाट आणि चार चाकें



चाकाचें आणि चिखलाचें वैर फार जुनें आहे. पावसाळ्यांत काळ्या जमिनींतून बैलगाडी नेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना तें निराळें सांगावयास नको. बैल कितीहि धट्टेकट्टे असले तरी गाडी एकदां आंसापर्यंत रुतली म्हणजे त्यांच्या बळाचा कांहीं उपयोग होत नाहीं. ह्या वैरावर गेल्या अर्ध्या शतकांत जपानी व अमेरिकन कारागिरांनीं जो एक तोडगा काढला, त्याविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें.

इंग्रजींत ह्या वाहनाला ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजे कोणत्याहि भूमीवर चालणारें वाहन, असें म्हणतात, व्यवहारांत ए. टी. व्ही. हें आद्याक्षरांचें नांवच रूढ झालें आहे. घोड्यावर बसल्याप्रमाणें मांड टाकून बसण्याचें आसन, मोटारसायकलीसारखें हँडल, आणि खालीं फुगीर टायरांचीं चार चाकें, असें त्याचें सर्वसाधारण रूप. उत्तर अमेरिकेंत शेतकरी, शिकारी, वनरक्षक आणि हौशी प्रवासी हीं वाहनें सर्रास वापरतात. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणीं व समुद्रकिनाऱ्यांवर तीं घटकाभराच्या भाड्यानें मिळतात, तेवढीच बहुतेकांची ओळख. परंतु अमेरिकेंत व कॅनडांत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आतां थोडीथोडकीं नाहींत. त्यांतील एखाद्याच्या घराला लागून रान असतें, शेजारी सुटीच्या दिवशीं डोंगरांत निघालेला दिसतो, आणि मग एके दिवशीं घरांत प्रश्न निघतो, "घ्यावयाची तर कोणती घ्यावी?"

दुकानांत गेलें कीं विक्रेता प्रथम इंजिनाचा आंकडा पुढें करतो. माझें म्हणणें असें आहे कीं, तो आंकडा सर्वांत शेवटीं विचारावा. आधीं जमिनीला विचारावें, मग स्वतःला विचारावें, आणि त्यानंतर दुकानदाराला विचारावें. हा क्रम उलटा झाला तर पैसा तर जातोच, पण कित्येकदां त्याहून मोलाचें असें कांहीं गमवावें लागतें.

ह्या वाहनाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतों, कारण त्यांतच पुढच्या साऱ्या विवेचनाचें बीज आहे. १९७० सालीं होंडा कंपनीनें अमेरिकेच्या बाजारांत एक लहानशी तीनचाकी गाडी आणली. तिला स्प्रिंगा नव्हत्या. फुग्यासारखे मऊ टायर हेच तिचें सर्वस्व. त्या टायरांच्या जोरावर ती वाळूवर, बर्फावर आणि ओलसर जमिनीवर सहज चाले. पण तिवईसारखें तीन पायांवर उभें राहणारें वाहन वळणावर कलंडावयास वेळ लागत नाहीं. १९८२ सालीं सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी पुढें आणली. १९८५ सालीं मिनेसोटा राज्यांतील पोलॅरिस ही बर्फावरच्या गाड्या बनविणारी कंपनी ह्या धंद्यांत उतरली. १९८६ सालीं होंडानें चारहि चाकांना इंजिनाची गति देणारी फोरट्रॅक्स गाडी काढली. मध्यंतरीं तीनचाकींचे अपघात इतके वाढले कीं, १९८८ सालीं अमेरिकन सरकार व प्रमुख कंपन्या ह्यांच्यांत न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. पुढें २००८ सालच्या कायद्यानें तिच्यावर बंदीच आली. म्हणजे ह्या वाहनाच्या जन्मापासून दोन गोष्टी त्याच्याबरोबर चालत आल्या आहेत: कोठेंहि जाण्याचें सामर्थ्य, आणि कोठेंहि उलटण्याचें भय. निवड करतांना ह्या दोहोंचाहि हिशेब मांडला पाहिजे.

आतां चारहि चाकांना गति मिळते म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहूं. मोटार वळण घेते तेव्हां बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडतें. दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरतां यावें म्हणून त्यांच्यामध्यें दंतचक्रांची एक जोडणी असते. तिला डिफरेन्शल म्हणतात. साध्या रस्त्यावर ही जोडणी मोठी गुणाची; परंतु चिखलांत तिची खोड दिसून येते. ती दोन्ही चाकांना सारखेंच बळ वांटते, आणि तेंहि निसटत्या चाकाला झेपेल तेवढेंच. त्यामुळें गाळांतलें चाक गरगर फिरतें आणि कठीण जमिनीवरचें चाक स्वस्थ बसून राहतें. ए. टी. व्ही.चीं मागचीं दोन्ही चाकें बहुधा एकत्र बांधल्यासारखीं फिरतात. म्हणून ही अडचण मुख्यतः पुढच्या दोन चाकांची आहे. पुढची जोडणी अगदीं मोकळी असेल, तर चार चाकांची म्हणून विकत घेतलेली गाडी ऐन प्रसंगीं तीनच चाकांनीं ओढत असते.

ह्या अडचणींतून प्रत्येक कंपनीनें आपापली वाट काढली आहे, आणि खरी निवड येथेंच करावयाची असते. यामाहाच्या ग्रिझली गाडींत चालकाच्या अंगठ्यापाशीं बटण असून त्याच्या तीन अवस्था आहेत. पहिलींत मागचीं दोनच चाकें ओढतात, दुसरींत चारहि ओढतात, आणि तिसरींत पुढचीं दोन्ही चाकें एकमेकांशीं जखडलीं जातात. पोलॅरिसच्या स्पोर्ट्समन गाडीला हें काम स्वतःच करण्याची संवय लावलेली आहे. मागचीं चाकें घसरूं लागलीं कीं पुढचीं दोन्ही आपोआप कामाला लागतात, आणि घसरणें थांबलें कीं पुन्हां मोकळीं होतात. कॅनडांतील बी. आर. पी. कंपनीच्या कॅन-ॲम आउटलँडर गाडींत व्हिस्को-लॉक नांवाची योजना आहे. पुढच्या दोन चाकांच्या वेगांत अंतर पडूं लागलें म्हणजे ती त्यांना हळूहळू आवळीत जाते. कावासाकीनें ब्रूट फोर्स गाडीला हातानें आवळावयाची एक दांडी दिली. जितकी ती दाबावी तितकीं पुढचीं चाकें घट्ट बांधलीं जातात.

ह्यांतली श्रेष्ठ कोणती, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, चाकें पूर्ण जखडणें हा चिखलांतला गुण आणि पायवाटेवरचा दोष आहे. जखडलेलीं चाकें वळावयास तयार नसतात. हँडल जड होतें आणि गाडी सरळच जाऊं पाहते. ज्याला दिवसभर वळणांतूनच जावयाचें आहे, त्याला आपोआप जोडणारी व सोडणारी योजना सोयीची. ज्याला चिखलांत शिरण्यापूर्वीं सिद्ध व्हावयाचें आहे, त्याला बटण दाबून जखडणारी योजना बरी. कारण चाक घसरल्यानंतर मदत येण्यापेक्षां घसरण्यापूर्वींच ती हजर असलेली चांगली.

चिखलाचीच गोष्ट आधीं पुरी करूं. अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना राज्यांत मिसिसिपी नदीनें युगानुयुगें आणून टाकलेला बारीक गाळ आहे. तेथें व शेजारच्या टेक्सास राज्याच्या पूर्व भागांत केवळ चिखलांत गाड्या घालण्यासाठीं राखलेलीं खाजगी मैदानें आहेत. अशा जागीं गाडी उंच हवी. पण मोजावयाची ती आसनाची उंची नव्हे, पोटाखालची. मागचा आंस एकसंध असलेल्या गाडींत त्याचा मधला डबा जमिनीपासून सुमारें ७ इंचांवर असतो. चारहि चाकें स्वतंत्रपणें वरखालीं होणाऱ्या गाड्यांत हीच उंची ११ किंवा १२ इंचांपर्यंत जाते. हे चार-पांच इंच क्षुल्लक समजूं नयेत. गाडीचें पोट गाळावर टेकलें कीं चाकांवरचा भार निघून जातो, आणि भारावांचून पकड नाहीं. मग चारहि चाकें कितीहि फिरलीं तरी गाडी तराफ्यासारखी जागच्या जागीं राहते.

टायरांचा विचारहि ह्याच दृष्टीनें करावा. चिखलाच्या टायरांवरील दांते दीड-दोन इंच उंच व विरळ असतात; विरळ अशासाठीं कीं, दोहोंमध्यें अडकलेला चिखल चाक फिरतांना उडून जावा. गाळाखालीं कठीण तळ असेल तर अरुंद टायर गाळ कापून तो तळ गांठतो. तळच नसेल तर रुंद टायर वर तरंगण्यास उपयोगी पडतो. म्हणजे येथेंहि प्रथम विचारावयाचें तें जमिनीला.

नंतर इंजिनाच्या श्वासाचा प्रश्न येतो. इंजिनाला हवा लागते, आणि ज्या तोंडानें हवा आंत जाते त्याच तोंडानें पाणी गेलें तर इंजिनाचा घात होतो. म्हणून हवेचें तोंड किती उंचावर आहे, तें दुकानांतच वांकून पाहावें. पुढच्या बाजूचा रेडिएटर चिखलानें लिंपला गेला तर इंजिन तापतें; आउटलँडरच्या खास चिखलासाठीं बनविलेल्या एक्स एम आर ह्या प्रकारांत रेडिएटर पुढच्या खालच्या जागेवरून काढून वर बसविलेला असतो, तो ह्याच कारणास्तव.

येथेंच पट्ट्याची गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत इंजिनाची गति एका रबरी पट्ट्यानें पुढें नेली जाते. दोन कप्प्या मिटत-उघडत असतात, त्यांवर पट्टा चढतो-उतरतो, आणि चालकाला गिअर बदलावे लागत नाहींत. ही युक्ति बर्फावरच्या गाड्यांतून आलेली आहे. परंतु पट्ट्याच्या डब्यांत पाणी शिरलें तर पट्टा घसरतो, आणि जड चिखलांत वरच्या गिअरमध्यें जोर केला तर तो तापून जळतो. म्हणून अशा गाडीच्या चालकानें चिखलांत शिरतांना खालचा गिअर घालण्याची शिस्त पाळावी. होंडानें आपल्या रँचर व फोरमन ह्या गाड्यांत तेलांत फिरणारीं दंतचक्रेंच ठेवलीं आहेत. त्यांत जळावयास पट्टा नाहीं. उलटपक्षीं त्यांची चाल पट्ट्याच्या गाडीइतकी सलग लागत नाहीं. ज्याला वर्षानुवर्षें एकच गाडी टिकवावयाची आहे त्यानें दंतचक्रांचा अवश्य विचार करावा.

आतां पायवाटेकडे वळूं. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण भागांत हॅटफील्ड-मॅकॉय नांवाचें वाटांचें जाळें आहे. एकमेकांशीं हाडवैर धरणाऱ्या दोन घराण्यांचें नांव लाभलेल्या ह्या वाटा २००० सालीं खुल्या झाल्या. कोळशाच्या खाणींचा हा डोंगराळ मुलूख. चढ उभे, उतार निसरडे, वळणावर खडक आणि मधूनमधून पाण्याचीं डबकीं. येथें लुइझियानांतल्या गाडीचे गुणच तिला भोंवतात. तिचे जड टायर खडकावर दणके देतात. तिची उंची आडव्या उतारावर तिला कलती करते. येथें हलकें हँडल, दगड सोसणाऱ्या स्प्रिंगा आणि जमिनीलगतचा गुरुत्वमध्य ह्यांची किंमत अधिक. त्याहूनहि एक गोष्ट अगत्याची आहे, ती म्हणजे इंजिनाचा लगाम. उतारावर वेग सोडला असतां इंजिनानेंच गाडी मागें ओढून धरली पाहिजे. केवळ ब्रेकवर उतरूं लागलें तर चाक अडकून गाडी आडवी होते. पट्ट्याच्या सर्वच गाड्यांत हा गुण सारखा नसतो. यामाहानें तो चारहि चाकांना मिळेल अशी व्यवस्था केली आहे. कांहीं गाड्यांत तो ठराविक प्रकारांनाच दिलेला असतो. विकत घेण्यापूर्वीं हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा, आणि शक्य तर उतारावर नेऊन पाहावा.

रुंदीहि मोजावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत कित्येक वाटा ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठींच मोकळ्या आहेत. पोलॅरिसनें स्थैर्य वाढावें म्हणून ५५ इंच रुंदीचीहि एक स्पोर्ट्समन काढली होती. गाडी उत्तम, पण त्या वाटांच्या तोंडाशींच तिला थांबावें लागे. २००५ सालच्या नियमान्वयें वनखात्यानें मोटारींसाठीं नेमून दिलेल्या वाटा नकाशावर दाखविण्याची पद्धति सुरू केली, आणि त्या वाटांबाहेर चाक घालणें हा अपराध ठरतो. हा निर्बंध जाचक वाटेल. पण बर्फ वितळून माती भिजलेली असतांना एका गाडीनें पाडलेला चर पुढच्या पावसांत ओढा होतो, आणि ती माती खालच्या झऱ्यांत जाते. चिखलाची हौस असेल त्यानें ती राखलेल्या मैदानांत भागवावी. रानाची वाट ही त्या खेळाची जागा नव्हे.

आतां इंजिनाकडे येऊं. ४०० ते ५०० घनसेंटिमीटर इंजिनाची मध्यम गाडी २७५ किलोच्या आसपास भरते. मोठ्या इंजिनाच्या गाड्या ३५० किलोपर्यंत व त्याच्याहि वर जातात. हा भार आपण विकत घेतों तेव्हां दिसत नाहीं. चढावर गाडी मागें कोसळूं लागली, किंवा आडव्या उतारावर कलंडली, म्हणजे तो दिसतो. आणि तेव्हां त्याच्याखालीं माणूस असतो. अमेरिकेंत ह्या जातीच्या वाहनांच्या अपघातांत दरवर्षीं शेंकडों माणसें प्राणांस मुकतात. त्यांत लहान मुलेंहि असतात. मऊ टायरांमुळें आणि एकत्र फिरणाऱ्या मागच्या चाकांमुळें हें वाहन डांबरी रस्त्यावर विशेष बेभरंवशाचें होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

पालकांना मला एवढेंच सांगावयाचें आहे. ह्या वाहनाचें आसन लांब असतें, तें दुसऱ्या माणसासाठीं नव्हे. वळणावर आंत, चढावर पुढें, उतारावर मागें असें चालकाला आपलें अंग हलवावें लागतें. त्यासाठीं ती जागा ठेवलेली आहे. बाप कौतुकानें मुलाला पुढें बसवितो, तेव्हां ही जागा तो गमावतो, आणि गाडी उलटली तर मूल प्रथम तिच्याखालीं जातें. पूर्ण आकाराच्या वाहनावर १६ वर्षांखालील मुलाला चालक म्हणून बसवूं नये, असा इशारा त्यावर चिकटविलेलाच असतो. दोघांसाठीं बनविलेल्या लांब गाड्या वेगळ्या मिळतात. दोघांना जावयाचें तर त्याच घ्याव्यात. शिरस्त्राणाविषयीं वाद नको. भाड्याच्या गाडीवर घटकाभर बसावयाचें असलें, तरीहि तें डोक्यावर असलेंच पाहिजे.

मग निवड कशी करावी? माझा नियम एका वाक्याचा आहे. आपल्या नेहमींच्या वाटेवरील सर्वांत वाईट जागा ज्या ज्या गाड्या पार करतील, त्यांतली सर्वांत हलकी गाडी घ्यावी. नेहमींच्या वाटेवरील म्हटलें, ह्याकडे लक्ष द्यावें. वर्षांतून एकदां मित्राबरोबर पाहावयाच्या दलदलीसाठीं वर्षभर साडेतीनशें किलोंचें ओझें बाळगूं नये. त्या एका दिवसासाठीं गाडीला पुढें ओढयंत्र, म्हणजे विंच, बसवून घ्यावें. रुंद पट्ट्यानें तें झाडाला बांधावें म्हणजे झाडाची साल सोलली जात नाहीं, आणि दोर ताणला असतांना त्याच्या रेषेंत कोणीहि उभें राहूं नये. डबक्यांत शिरण्यापूर्वीं काठी घालून खोली पाहावी. आणि चिखलाच्या वाटेला एकट्यानें कधींहि जाऊं नये; दुसऱ्या गाडीवरचा सोबती हा कोणत्याहि डिफरेन्शलपेक्षां अधिक कामाचा.

घरांतल्या तरुणानें मोठ्या आंकड्याचा हट्ट धरला, तर त्याला रागावूं नये. त्याला गाडीशेजारीं उभें करावें आणि शांतपणें विचारावें, "ही तुझ्या अंगावर पडली तर रानांत ती उचलणार कोण?" ह्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर त्याच्यापाशीं असेल, तर त्याची निवड बहुधा बरोबरच होईल. नसेल, तर इंजिनाचा आंकडा आपोआप खालीं येईल.